टिचबटणांचे बफर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे इंजिनाला बफर बसवले. इंजिन हातभर लांब. मी दौंडच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी म्हणून जन्म काढला, कोळशाची इंजिनं घासली. रिटायर झाल्यावर तसलंच एक घरी केलं, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून. इंजिनाच्या तोंडाला धक्का झेलायला दोन बफर असतात, त्यांच्या जागी तिच्या ब्लाउजची टिचबटणं. तिनंच ती उसवून दिली, चिमट्यात धरली आणि मी कथील वितळवून चिकटवली.

"आता ब्लाउजला काय लावू?"

"पिना लाव."

"पिना तरी कुठं ठेवल्यात? त्या तुमच्या शिडीला गेल्या."

खरं होतं. शिडी पिनांची, बाजूचा दांडा तिच्या केसांच्या आकड्यांचा, पुढचा दिवा तिच्या चमकीच्या खड्याचा. सोनं तेवढं मागितलं नाही, हा माझा मोठेपणा.

ती देत होती ते उगाच नव्हे. खंडेनवमीला शेडमध्ये इंजिनाची पूजा व्हायची. आमच्या बायका बघायला यायच्या, लांब उभ्या राहायच्या. नारळ साहेबांनी फोडायचा, कुंकू फोरमननं लावायचं. एकदा घरी येताना म्हणाली, "मला एक डाव इंजिनाला कुंकू लावायचंय." मी हसलो. पुढं घरचं इंजिन उभं राहिलं तसं म्हणाली, "ह्याला तर लावीन?" मी म्हणलं, पुरं झाल्यावर. अपुरं इंजिन बाहेर काढायचं नाही, शेडचा नियम आहे. शेडमध्ये मला कुत्रं विचारत नव्हतं. इंजिन नीट आहे अशी सही करायचा मान चार्जमनचा, आमचा नुसता फडका. घरात मात्र मीच मोठा साहेब. अशा तीन खंडेनवम्या गेल्या. एकदा दांडा नव्हता, एकदा दिवा नव्हता. तिसऱ्या वेळी बफर वाकडे बसले, तर मीच उपटून काढले.

चौथ्या वर्षी अष्टमीच्या सकाळी ते सरळ बसले. पदराला हात पुसत ती म्हणाली, "झालं ना? उद्या नवमी हाय."

"शिट्टी राहिलीय."

"अवो, देव काय शिट्ट्या मोजतोय व्हय?"

"देव न्हाई मोजत. मी मोजतो."

"तुम्ही मसणातबी लाकडं मोजून घ्याल," असं म्हणून ती पीठ मळायला बसली.

पीठ मळतानाच छातीत कळ आली. रिक्षातनं दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. कवठे येमाईवरनं तिचा भाऊ आला आणि दिवेलागणीच्या आत सगळं उरकलं. लाकडं मी मोजली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या रिक्षांना झेंडूचे हार पडत होते. आमची चूल बंद. शेजारच्या ख्रिस्ती बाई मिशनच्या शाळेत शिकवायच्या, हिच्याशी त्यांचं जमायचं. त्या चहा घेऊन आल्या. माझी बहीण मला बजावत होती, "सुतक हाय, देवाला न् हत्याराला हात लावू नगंस." मी इंजिन उचललं, बाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

"बाई, माझा हात चालत न्हाई म्हणत्यात. तुम्ही लावा ह्याला कुंकू."

"आप्पा, आमच्यात पूजा नसते. मला येतही नाही."

"हिला तरी कुठं करू दिली मी?"

बाईंनी इंजिन निरखून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पण शिट्टी राहिलीय ना? काल तुमचं बोलणं इकडे ऐकू आलं."

"न्हाई लागत."

त्यांच्या घरात कुंकू नव्हतं. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याकडनं त्यांनी झेंडूचं एक फूल मागून आणलं, इंजिनावर ठेवलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. येशूला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांनी डोळे उघडेपर्यंत मीही थांबलो. मग घरात आलो. चहा गार झाला होता. पिऊन टाकला.