थंड पाण्याचा नियम

चांगल्या सवयींवरची व्याख्याने ठाण्यात त्या काळी फार होत. वक्त्यांमध्ये माझा थोरला भाऊ असे. कलेक्टर कचेरीतला कारकून, आवाज खणखणीत. पहाटे उठावे, विहिरीच्या थंड पाण्याने स्नान करावे, कामे नेमल्या वेळी करावीत, म्हणजे मनुष्याचा उत्कर्ष होतो, असे तो सांगे. मी एका साप्ताहिकात बातमीदार होतो. त्याच्या व्याख्यानांच्या बातम्या मीच लिहीत असे.

दादा पहाटे उठे, कारण वहिनी त्याच्या आधी उठे. तो थंड पाण्याने न्हाई, कारण ते तिने रहाटाने ओढून न्हाणीत भरलेले असे. मग तिने त्याच पाण्याने न्हायचे, सोवळ्याचे लुगडे नेसायचे आणि चूल पेटवायची. पूर्वी आमच्या घरी सोवळ्याला ऊन पाणी चालत होते. दादाने ते बंद केले. ऊन पाण्याने शरीर आळसावते, असे त्याने कुठेतरी वाचले होते. जुन्या सोवळ्याला नव्या सुधारणेची जोड मिळाली आणि दोन्हींचा भार एका बाईच्या पाठीवर आला.

एका वर्षी पावसाळा सरताना वहिनीला हिवताप जडला. दिवसाआड हुडहुडी भरे. कोयनेल दिले की ताप उतरे, पुन्हा येई. वैद्यांनी दादाला स्पष्ट सांगितले, थंड पाणी नको, ओढाओढ नको. कल्याणला माहेरी पाठवा, नाहीतर ही बाई हिवाळा काढणार नाही.

दादा म्हणाला, "सवय एकदा मोडली की मोडली. मन दुबळं असलं की ताप बळावतो."

"मग तिचा ताप तुम्ही घ्या," वैद्य म्हणाले. "तुमचं मन बळकट आहे." वहाणा घालून ते निघून गेले.

वहिनी उठतच राहिली. दोर धरून मध्येच थांबे, कपाळ रहाटाच्या खांबाला टेके. मी दोर घ्यायला गेलो तेव्हा दादा ओटीवर दात घासत होता. "बायकांच्या कामात हात घालू नकोस," तो म्हणाला. "घराची शिस्त जाते." शिस्त. माणूस डोळ्यांदेखत वाळत होते आणि याला शिस्तीची काळजी होती.

दिवाळीनंतर तिची आई कल्याणहून आली. मुलीचा चेहरा पाहून ती दादाला म्हणाली, "जावईबापू, हिला घेऊन जाते."

"माघ उजाडू दे. आत्ता घराची घडी विस्कटेल."

ती मुक्कामाला राहिली. रात्री मुलीजवळ निजली.

पहाटे रहाट वाजला नाही. दादा वहिनीच्या खोलीच्या दाराशी गेला. "अगं, उजाडायला आलं."

"उजाडू दे," आतून वहिनी म्हणाली. "मी उठणार नाही."

"म्हणजे?"

"आज नाही, उद्याही नाही. इकडून व्याख्यान द्यायचं असेल तर द्यावं. निजून ऐकते."

"लोक काय म्हणतील? माझी बायको उजाडेपर्यंत लोळते?"

"सांगा त्यांना, सासू आली आहे," तिची आई म्हणाली. "ती लोळू देते."

दादा स्वतः विहिरीवर गेला. घागर काठावर आपटून पोचली, दोराने तळहात सोलवटला. पारोसाच तो कचेरीत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. संध्याकाळी त्यानेच स्टेशनापर्यंत बैलगाडी सांगितली.

कल्याणला वहिनी ऊन वर येईपर्यंत निजे. मऊ भात खाई, थकली की बसे. हळूहळू ताप थांबला. तिला सवयी लागल्या त्या या, आणि त्यांनी ती जगली. कोणत्याही सभेत यांवर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

फाल्गुनात ती परतली ती माहेरचा तांब्याचा बंब घेऊन. दादा बंबाकडे पाहत उभा राहिला.

"भावोजी, हा न्हाणीत ठेवा," ती मला म्हणाली. "आणि पाणी भरायला गडी बघा. घरात नुसती पुरुषमाणसं असून भागत नाही."

तेव्हापासून दादा ऊन पाण्याने न्हाऊ लागला. सभेत मात्र थंड पाण्याचे गुण पूर्वीसारखेच सांगत राहिला. टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्यांपैकी एकानेही त्याला कधी विचारले नाही, की ते पाणी ओढते कोण.