एवढं सोडून

या पृथ्वीतलावर ज्यांचं 'नको' आजवर एकाही प्राणिमात्रानं ऐकलेलं नाही असे एकच गृहस्थ आहेत आणि ते रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहतात. ते माझे थोरले साडू. कोणी म्हणेल, माणूस हट्टी असेल. मुळीच नाही. हट्टी माणूस सगळ्यालाच नको म्हणतो. आमचे साडू उदार आहेत. जगानं काय वाटेल ते करावं, त्यांची हरकत नसते. फक्त एखादी बारीकशी गोष्ट तेवढी राहू द्यावी, इतकीच त्यांची मागणी. "बाकी सगळं करा, एवढं सोडून," हे त्यांचं आयुष्यभराचं वाक्य. आणि जग काय करतं, तर नेमकं 'एवढं'च आधी उरकतं.

घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला बजावलं होतं की सगळ्या भिंती रंगव, खुर्चीमागची सोडून. त्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता आणि डोकं बरोबर त्या डागात टेकवल्याशिवाय त्यांना पेपर वाचता येत नसे. रंगाऱ्यानं "हव भैया" म्हटलं आणि सगळ्यात घाण दिसते म्हणून तीच भिंत पहिल्यांदा हाणली. पंगतीत तर विचारू नका. साडूंना जिलबी चालत नाही. वाढपी लांब दिसला की ते पानावर हात आडवा धरतात. आता आपल्याकडे आडव्या हाताचा अर्थ 'अजून थोडा आग्रह करा' असाच होतो, त्याला कोण काय करणार? एका मुंजीत मी त्यांना मनगटावर गरम जिलबी घेऊन बसलेलं पाहिलं आहे. रागावले नव्हते. खिन्नपणे म्हणाले, "पाहा भाऊ, हात दिसला नसंल त्याले."

रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स धरलं ते निदान हा तरी ऐकेल याच आशेनं. दुसऱ्या संगणकात मालक कंपनी असते, यात मालक आपण, असं ते घरी येणाऱ्याला चहाच्या आधी समजावतात. काय बदलायचं आणि काय सोडायचं हे म्हणे यात लिहून ठेवता येतं आणि संगणक ते पाळतो. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पण त्या लग्नात तेज नव्हतं याला वेगळं कारण होतं.

कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे त्यांचे एक जिवलग मित्र पुरानी बस्तीत राहतात. घर इतकं जवळ की ब्राह्मणपाऱ्यात तोंडात घातलेलं पान तिथे पोचेपर्यंत संपू नये. लग्नाच्या पत्रिका वाटण्याचं काम साडूंनी या मित्राकडे दिलं आणि सांगितलं, "साऱ्यायले दे, माझ्या चुलतभावाले सोडून." मित्रानं चुलतभावाला सगळ्यात आधी दिली. सख्ख्या चुलत्याचा पोरगा सोडून कुठे लग्न होतं काय, असं त्याचं म्हणणं. चुलतभाऊ आला, पोटभर जेवला, वरून आहेराबद्दल चार शब्द बोलून गेला. त्या दिवसापासून दोघा मित्रांचं बोलणं बंद.

बोलणं बंद, बुद्धिबळ नव्हे. घरबसल्या एकमेकांशी खेळता यावं म्हणून दोघांनीही संगणकावर बुद्धिबळाचा एकच प्रोग्राम घेतला होता आणि भांडण झालं तेव्हा एक डाव अर्धा होता. अर्धा डाव सोडला तर पळाला असं म्हणतील, म्हणून दोघांनी तो पुरा केला. हरलेल्याला सूड घ्यायचा होता म्हणून दुसरा लागला. अशी वर्षं गेली. रस्त्यात समोर आले तर दोघे दोन बाजूंच्या दुकानांच्या पाट्या वाचत जात, आणि दिवेलागणीला आपापल्या घरी पडद्यासमोर बसून एकमेकांचे घोडे मारत. मात्र या खेळाला एक अट होती. दोघांकडे एकच आवृत्ती हवी. नवी आवृत्ती जुनीशी खेळतच नसे. म्हणून साडूंनी संगणकात लिहून ठेवलं होतं: सगळं अपडेट कर, बुद्धिबळ सोडून.

आता पुढचं सांगायलाच नको. पडद्याच्या कोपऱ्यात अपडेटची खूण आली, साडूंनी मालकाच्या रुबाबात बटण दाबलं आणि संध्याकाळी बुद्धिबळ नव्या कपड्यांत दारात उभं. पुरानी बस्तीशी जोडणी होईना. मी गेलो तेव्हा साडू पडद्याकडे त्या रंगवलेल्या भिंतीकडे पाहावं तसे पाहत होते.

"मी लिहून ठेवलं आहे ना," ते म्हणाले. "पडद्यावरच्या त्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप केला त ऐकते. हा बटणवाला अपडेटर वेगळा. हा ते लिहिलेलं वाचतच नाही. जिलबीवाला आहे हा."

"मग त्यालाच बंद करून टाका."

"अन् बाकीचे अपडेट कोण करंल? एक जिलबी नको म्हणून पंगतीतूनच उठू काय?"

त्यांनी खटपट करून जुनी आवृत्ती परत आणली. रात्री संगणक बंद करताना जिलबीवाल्यानं पुन्हा वाढलं. पुन्हा आणायला गेले तर जुनी आवृत्ती जिथून मिळायची तिथून ती काढून टाकलेली.

"फोन करा ना त्यांना," मी म्हटलं.

ताई, म्हणजे माझी मेहुणी, आतून म्हणाल्या, "कसा करतील? ह्यायचा वजीर कोंडला होता."

तर अशी गोष्ट होती. दोनच चालींत वजीर जाणार आणि तेवढ्यात हे गायब. मित्र काय समजणार? भांडणानं जे तुटलं नव्हतं ते एका बटणानं तुटायला आलं होतं. चार संध्याकाळी साडूंनी जेवणात मीठ कमी की जास्त हेही सांगितलं नाही. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमी सहज गेल्यासारखं पुरानी बस्तीत जा. काय झालं ते सारं सांगा. फक्त मी पाठवलं, एवढं सोडून."

मी स्कूटर काढली, मित्राच्या घरी पोचलो आणि चप्पल काढायच्या आत म्हणालो, "साडूंनी पाठवलं आहे."

का, ते मला विचारू नका. त्या 'एवढं सोडून'मध्येच काहीतरी आहे, माणसाच्या हातून तेच होतं.

मित्र संगणकासमोरच बसले होते. डाव तसाच मांडलेला. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तब्येत चांगली आहे त्याची?"

"ठणठणीत."

"मी काय काय समजून राहिलो होतो," ते म्हणाले. चष्मा पुसला आणि माझ्या आधी जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले.

ब्राह्मणपाऱ्यात दार साडूंनीच उघडलं. कित्येक वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मित्र बोलले ते असं: "काहून बे, वजीर वाचवाले कॉम्प्युटर बिघडवला काय?"

साडूंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काय सांगितलं होतं मी?" मग मित्राला म्हणाले, "बस. जेवूनच जाजो."

जेवताना मित्रानं स्वतः वाढायला घेतलं. पोळी नको म्हणून साडूंनी पानावर हात आडवा धरला. मित्रानं तो हात उचलून बाजूला ठेवला आणि दोन वाढल्या. दुसऱ्या दिवशी मित्रानंही नवी आवृत्ती घेतली. नव्या डावात साडू हरले, पण त्यांची काही तक्रार नव्हती.

सध्या मित्र पुण्याला मुलाकडे आहेत. हृदयाचं काही दाखवायला गेलेत आणि डॉक्टर लवकर सोडतील असं दिसत नाही. दिवेलागणीचा डाव मात्र चालू आहे. मी परवा गेलो तेव्हा कोपऱ्यात अपडेटची खूण आली होती. साडूंनी बटण दाबलं नाही. फोन लावला. "आलं काय तुयाकडे? थांब, मी म्हणतो तवा दाब." आणि दोघांनी दोन गावांत एकदम बटण दाबलं.

"आता काही सोडायचं नाही वाटतं?" मी डिवचलं.

साडू पडद्यावर भरत जाणाऱ्या पट्टीकडे पाहत राहिले. "सारं बदलू द्या, भाऊ," ते म्हणाले, "एवढं..." आणि पुढचं राहिलं. त्यांचा हात नकळत समोर आडवा झाला होता, पानावर धरतात तसा.

पुण्यात कोणाच्या पानात काय वाढलं जाणार आहे, मला ठाऊक नाही. पण जो कोणी वाढतो आहे त्यानं या एका वेळी तरी तो हात पाहावा.