आतला घडीवाला

अख्ख्या जालना जिल्ह्यात माझ्या मामाइतका भित्रा माणूस सापडायचा नाही. साप, पोलीस, मामी, कशालाच तो भीत नाही; भितो फक्त माणसांच्या हातांना. जालन्यात मस्तगडला त्याचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक साडीचा पोत बघतं आणि हा गिऱ्हाइकाची बोटं. मंठ्याला एका लग्नात हार घालताना नवऱ्या मुलाचा हात थरथरला, तर हा त्याच्या बापाला गाठून घराण्यात कुणाला कंपवात आहे का, म्हणून खोदून खोदून विचारत बसला. शेवटी मामीने त्याला ओढत पंगतीत आणलं.

याला कारण माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण. आधी तिचे हात हलायला लागले, मग पाय अडखळायला लागले; शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत पोचेना. ती गेली त्याआधी डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं, एका जनुकात दोष आहे. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं काम काय, तर इतर प्रथिनांच्या घड्या नीट घालून देणं. ते बिघडलं की चुरगळलेला माल मेंदूत साचत जातो. साडीवाल्याला हे सांगायचं म्हणजे कहरच! तेव्हापासून मामा त्याला 'आतला घडीवाला' म्हणतो आणि त्याला ताकद यावी म्हणून रोज भिजवलेले अक्रोड खातो. हा दोष रक्तातून उतरतो. त्याच्यात असेल, माझ्यातही असेल. म्हणून तो मला बदनापूरहून बोलावून घेतो आणि काठोकाठ भरलेली कपबशी माडीवर न्यायला लावतो. तपासणीचं नाव काढलं की मात्र त्याला गोदामातली कामं आठवतात. खरं सांगते, माझीही छाती होत नाही.

परवा दुकानात आम्ही दोघं एका साडीची घडी घालत होतो. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. पंखा बंद होता आणि त्याच्या बाजूचा काठ हलत होता. मी बघितलं, त्यानेही बघितलं. मी पटकन म्हणाले, "माझाच हात हलला, मामा."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साडी टाकून तो धावत आला आणि माझे दोन्ही हात ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट करून बघत राहिला. त्याची थरथर माझ्या मनगटाला कळत होती. मग त्याने मोठा श्वास सोडला.

"तुझे बिलकुल हलून न्हाई राह्यले, माय," तो म्हणाला. "माझेच हायेत. बरं झालं."

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांत मी त्याला इतका निवांत कधी बघितलं नव्हतं. त्याने अक्रोडाची बरणी माझ्या पिशवीत कोंबली, आता हे तूच खात जा म्हणाला, आणि साडीचं आपलं टोक पुन्हा उचललं.