भावोजींची रासबेरी

परळहून ठाण्याला सायकलने पोचायला मला एकट्याला दोन तास लागत. भावोजी बरोबर असले की चार. मी ताईला हे कितीदा तरी सांगितलं, पण तिचं उत्तर ठरलेलं असे, "मोठे आहेत ते तुझ्यापेक्षा. दमत असतील." दमत वगैरे काही नव्हते. चढावर ते माझ्या पुढे असत. त्यांचा वेळ जाई तो थंड्याच्या दुकानांत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. भावोजी गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या यंत्रांवर होते आणि मी दुसऱ्या एका गिरणीत हजेरी लिहायला. आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहायचो. आमची खोली जिन्याजवळ, ताईची गॅलरीच्या टोकाला. ठाकूरद्वारला एका छापखान्यात चळवळीची पत्रकं छापली जात. शनिवारी संध्याकाळी मी गठ्ठा घेऊन यायचो आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं तो ठाण्याच्या एका शाळामास्तरांकडे पोचवायचो. पुढे गावोगाव वाटायचं काम मास्तरांचं. स्टेशनांवर पोलीस पिशव्या उघडून बघत, म्हणून सायकली. भावोजींची स्वतःची होती, माझी भाड्याची.

हे काम भावोजींनी आपणहून अंगावर घेतलं होतं आणि त्याबद्दल चाळीत त्यांना मान होता. मलाही त्यांच्याबद्दल मान होता, पण दादरपर्यंत. दादरला इराण्याकडे पहिली रासबेरी. लालभडक, बर्फ घातलेली. ते ती बाटली एका दमात रिकामी करीत, डोळे मिटत, मोठ्ठी ढेकर देत आणि म्हणत, "चल." मी टाच पेडलवर ठेवून उभाच असे. शीवला गोटी सोड्याचं दुकान. तिथे लेमन. कुर्ल्याला परत लेमन. घाटकोपरला रासबेरी मिळायची, म्हणून घाटकोपरला थांबायचंच. भांडुप, मुलुंड. ठाण्यात शिरल्यावर सलग दोन. आणि जेवढं पोटात जाई तेवढंच दर दोन-तीन मैलांवर झाडामागे जाऊन सोडायचं. मी दोन सायकली धरून आग्रा रोडवर उभा, पोटाशी पत्रकांच्या गठ्ठ्याची पिशवी, येणारा-जाणारा प्रत्येक खाकी कपडा मला पोलीस वाटतोय, आणि हे झाडामागे.

"भावोजी, पाणी प्या ना. तहान पाण्यानेच भागते," मी एकदा धीर करून म्हणालो.

"पाण्यान माजी भागणा नाय," ते म्हणाले. "पाणी पिल्यार पोट भरता, तान तशीच ऱ्हवता."

मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्यातून ते घरचे जावई. त्यांना 'पुरे आता' म्हणायची सोय नव्हती. मास्तरांच्या दारात आम्ही पोचायचो तेव्हा ते वाट बघून कंटाळलेले असत, आणि भावोजींची जीभ, ओठ, मिशीचं टोक सगळं लाल. पहिल्या वेळी मास्तरांना वाटलं पान खाऊन आलेत. त्यांनी नाराजीने म्हटलं, "चळवळीच्या कामाला निघाला होतात की लग्नाला?" भावोजी हसले. शरम मला वाटली.

परत आल्यावरही सुटका नाही. परळ ओलांडून लालबागला आणखी दोन बाटल्या, मगच चाळ. घरी ताई भाकऱ्या थापायची आणि ते सहा-सात खायचे. जावयाची भूक बघून माझी आई खूश. पण माणूस मात्र वाळत चालला होता. सदरा खांद्यावर लोंबायला लागला. त्याचं खापर माझ्यावर. ताई म्हणाली, "त्यांना सायकलवर पळवून पळवून तू त्यांची काडी केलीस." मी! ज्याने दर रविवारी अर्धी सकाळ दुकानांच्या पायऱ्यांवर घालवली, तो मी त्यांना पळवत होतो.

मग तो रविवार आला. आदल्या आठवड्यात लालबागेत दगडफेक झाली होती आणि दगडांबरोबर सोड्याच्या बाटल्याही उडाल्या होत्या. त्या काळी दंगलीत सोड्याची बाटली हे गरिबाचं हत्यार होतं. हलवून भिरकावली की फुटताना आवाजही मोठा आणि काचाही दूर. पोलिसांनी रस्त्यावरची सोड्याची दुकानं बंद ठेवायला लावली. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, या रविवारी तरी वेळेवर पोचू.

सकाळी बघतो तर भावोजींच्या कॅरियरवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं.

"हे काय?"

"दुकाना बंद हत ना," ते म्हणाले. "म्हणान घेऊन ठेवलंय. सहाच आसत."

"भावोजी, सोड्याच्या बाटल्या? आज?"

"रासबेरी आसा. सोडा खंय?"

मी त्यांना खूप समजावलं. बाटली ती बाटली, पोलीस आतला रंग बघत बसणार नाहीत. ऐकतील तर शपथ. शेवटी मी ताईला हाक मारली, तर ती म्हणाली, "नेऊ दे की, तुझ्या खांद्यावर थोडंच देतायत?"

शीवच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. दोन शिपाई आणि एक हवालदार, पन्नाशीचा, साताऱ्याकडच्या बोलीचा. शिपायाने गोणपाट सोडलं. सहा बाटल्या उन्हात लालेलाल चमकल्या.

"कुणावर टाकायच्या ह्या?" हवालदाराने विचारलं.

"टाकूक नाय साहेब. पिऊक."

"सहा? एकटा?"

"ठाण्याक जाऊचा आसा."

"मला येडा समजतोस व्हय रं?" हवालदार पुढे सरकला. "प्यायला हायत न्हवं? मग पी. माझ्याम्होरं पी."

भावोजींनी आनंदाने पहिली बाटली उचलली. अंगठ्याने गोटी दाबली, फस्सकन आवाज आला आणि बाटली रिकामी. दुसरी. तिसरी. शिपाई हसायला लागले. रस्त्याने चाललेली दोन-चार माणसं थांबली. चौथ्या बाटलीला कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पाचवीला शिपायांचं हसू थांबलं. सहावी संपवून भावोजींनी तोंड पुसलं आणि खरंच तहानलेल्या माणसाच्या आवाजात हवालदाराला विचारलं, "पिऊक पाणी गावात काय?"

हवालदार त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "कोन तुझं?"

"मेहुणे."

"दवाखान्यात दाव ह्यांना. माझ्या थोरल्या भावाला आशीच तहान लागायची."

तेवढ्यात दुसऱ्या शिपायाने माझी पिशवी उघडली होती. पत्रकं सगळीच्या सगळी जप्त झाली. आम्हाला अटक केली नाही, हा त्या हवालदाराचा भलेपणा. रिकाम्या बाटल्याही त्याने ठेवून घेतल्या आणि आम्हाला परत फिरवलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा भावोजींवर ओरडलो ते त्या रस्त्यावर. ठाण्याला त्या संध्याकाळी सभा होती, मास्तर वाट बघत होते आणि आम्ही रिकाम्या हाताने परळकडे निघालो होतो. मी म्हणालो, "माणसं लाठ्या खातायत, तुरुंगात जातायत, आणि तुम्हाला चार तास जीभ आवरत नाही? तुमच्या जिभेपायी सगळं बुडालं."

त्यांनी सायकल माझ्या बरोबरीला आणली. मग म्हणाले, "माका तान सोसणा नाय रे. तुका काय वाटता, मी चैन म्हणान पितंय?"

"चैनच आहे ही," मी म्हणालो.

दादरच्या अलीकडे ते सायकलवरून उतरले. पोटऱ्यांत गोळे आले म्हणाले. मला वाटलं, आता माझी दया यावी म्हणून नाटक चाललंय. मी मागे न बघता निघून आलो. ते सायकल हातात धरून चालत दुपारी चाळीत पोचले. मी गॅलरीतून त्यांना जिना चढताना बघितलं, प्रत्येक पायरीला थांबत होते, आणि मी आत जाऊन आडवा झालो.

त्यानंतर तीन-चार आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. ठाण्याला एकटा जायचो, वेगळ्या वाटेने, आणि वेळेवर पोचायचो. मास्तर खूश होते. मला मात्र त्या वेळेवर पोचण्यात काही गोडी वाटत नव्हती.

एका संध्याकाळी ताई आमच्या खोलीत आली. पदराने हात पुसत आईला म्हणाली, "रात्री हे चार-चारदा उठतात, आणि सकाळी मोरीला मुंग्या लागतात गं. दिवसातून दोनदा धुते, तरी येतात. आणि यांच्या मानेवरचं गळू महिना झाला, बसतच नाही." मी जेवत होतो. हवालदाराचं बोलणं तेव्हा आठवलं. इतके दिवस ते डोक्यात होतं, पण रागाच्या खाली दबलेलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्यांना परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात त्यांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, आणि बघता बघता विटेच्या रंगाचं.

"गोड किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

भावोजी म्हणाले, "गोड आपल्याक आवडणा नाय."

मग मी सांगितलं. दादर, शीव, कुर्ला, घाटकोपर, सगळं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रक्तात साखर वाढली की तहान लागते. हे ती तहान साखर पिऊन भागवत होते." आणि माझ्याकडे बघून एकदम चढ्या आवाजात, "तुम्ही शिकलेले दिसता. इतके महिने बरोबर होतात, तुम्हाला काही वाटलं नाही?"

वाटत होतं की! रोज वाटत होतं. पण काय वाटत होतं ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं.

आता निदान झालं म्हणजे माझा वैताग संपला असेल असं कोणाला वाटेल. छे. ताई सुई उकळायला आणि इंजेक्शन द्यायला शिकली. पहिल्या दिवशी तिने सुई दोनदा उकळली. साखर बंद, भात मोजका, रासबेरी तर नावही काढायचं नाही. रोज गिरणीतून आले की ताई दारातच म्हणायची, "जीभ दाखवा." चौतीस वर्षांचा बाप्या गॅलरीत उभा राहून बायकोला जीभ दाखवतोय, शेजारणी तोंडाला पदर लावून हसतायत. जीभ स्वच्छ असायची. ताई समाधानी. मग एक दिवस मीच त्यांना लालबागच्या दुकानात पकडलं. हातात लेमनची बाटली. लेमनने जीभ रंगत नाही, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

"भावोजी!"

"एकच," ते म्हणाले. "तुझ्या ताईक सांगू नको."

मी सांगितलं नाही, आणि हीच माझी दुसरी चूक. पंधरा दिवसांत ते साच्यावर काम करता करता कोसळले. इस्पितळात दोन दिवस शुद्ध नव्हती. ताई खाटेच्या पायाशी बसून होती, रडत नव्हती, नुसती त्यांच्या पायांची बोटं चोळत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. ताई चहा घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दादरला मी तुम्हाला टाकून आलो. चुकलं माझं."

त्यांना बोलायला त्रास होत होता. तुटक तुटक म्हणाले, "सायकल जड लागली त्या दिशी. खूप जड." तेवढंच. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, रागही दाखवला नाही. मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

त्यानंतर त्यांनी गोड पाण्याला हात लावला नाही. गिरणीने त्यांना साच्यावरून काढून बसकं काम दिलं. अंग भरलं, आणि सहा-सात महिन्यांनी ते परत सायकलवर बसले. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सकाळी चाळीच्या अंगणात पिंपभर सरबत केलं होतं. भावोजी पिंपाशी उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, "तान वारंवार लागता? लघवीक मुंगये लागतत? गळू बसणा नाय? मग पिऊ नको हां." लोक आनंदाने बेभान, गुलाल उडतोय, आणि हे एकेकाच्या लघवीची चौकशी करतायत. ताईने शेवटी त्यांना हाताला धरून आत नेलं.

पुढे पत्रकं नव्हती तरी सवय म्हणून आम्ही अधूनमधून ठाण्याला जायचो, मास्तरांना भेटायला. भावोजी थंड्याच्या प्रत्येक दुकानापाशी उतरायचे आणि बाटली तोंडाला लावलेल्या अनोळखी माणसाला धरून आजाराची माहिती द्यायचे. मुलुंडच्या दुकानदाराने एकदा मला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळी यांना दुसऱ्या रस्त्याने न्या हो. गिऱ्हाईक पळतं माझं." मी त्याची क्षमा मागितली, दोन्ही सायकली धरल्या आणि भावोजींना हाक मारली. ते आले नाहीत. एका टांगेवाल्याची मान वाकवून ते त्याच्या मानेवरचं गळू तपासत होते.

तो टांगेवाला पुढच्याच आठवड्यात परळच्या इस्पितळात आला, भावोजींचं नाव सांगत. त्यालाही तेच निघालं. ही बातमी कळल्यापासून तर त्यांना आवरणं कोणालाच शक्य झालं नाही.