डाव्या बाजूचं कुत्रं

डोळ्यांच्या शिबिरात किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच रांगेत येऊन उभे राहतात! मी गावोगाव डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतो, ते बघून डॉक्टर मॅडम काचबिंदू ओळखतात. काम एवढंच, पण संध्याकाळपर्यंत कोण कोणाला तपासतंय तेच कळेनासं होतं.

*

साखऱ्याला एक मावशी नवं लुगडं नेसून आल्या. फोटो म्हटल्यावर येणारच! मी स्क्रीन दाखवली. लालभडक गोळा, त्यात पिवळा ठिपका.

"ह्याच्यात मी कुठंय?"

"मावशी, हा तुमच्या डोळ्याच्या आतला फोटो."

"मंग लुगडं काहून नेसून आले मी?"

*

पुसेगावात नाव पुकारलं थोरल्याचं, खुर्चीत बसला धाकटा!

"दादा सोयाबीन काढून राहिला. माझा फोटो घ्या. आमचे डोळे एकसारखेच, आईवर गेलेत."

घेतला. तर काचबिंदूचा संशय ह्याच्याच डोळ्यात! मॅडमनी औषध लिहिलं, तर हा म्हणतो, "दादाला देतो, नाव त्याचं हाय." त्याला समजावता समजावता मॅडमच दोनदा नावात चुकल्या.

*

एका आजोबांनी मलाच विचारलं, "तुझा काढला का रं?"

वर्षभर कॅमेरा घेऊन हिंडतोय, पण माझा राहिलाच होता! दुपारी गुपचूप काढून घेतला.

*

कळमनुरीला बाजाराच्या दिवशी धोंडीमामा आले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, सोबत काळं कुत्रं. फोटो बघून मॅडमचा चेहरा उतरला.

"मामा, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेलीय, ती परत येत नाही. उरलेली वाचवायची तर रोज थेंब घाला. नाहीतर आंधळे व्हाल."

मामा भडकले. "त्या टेकडीवरचं कोकरू कोणाचं ते सांगू का? मला बराबर दिसतंय! तुमच्या डब्यालाच दिसत न्हाई!"

थेंबांची बाटली टेबलावर तशीच टाकून निघाले. मला लई वाईट वाटलं. दारापर्यंत मागं गेलो.

"मामा, डावीकडून काहीच तकलीफ न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना! हे कुत्रं तेवढं बिघडलं. आधी मेंढरांमागं राहायचं. दोन सालापासून माझी डावी बाजू सोडत न्हाई. किती हाणलं त्याला!"

बोलता बोलता मामा थांबले. कुत्रं बघायला त्यांनी मान पार डावीकडं वळवली.

मग आत आले, बाटली उचलली, बाहेर जाऊन कुत्र्याजवळ खाली बसले.

"तुला कोणी सांगितलं रं?"