गुरुपादप्पांची मिकुला

पत्नी लक्ष्मम्मा गेल्या आणि महिन्याभरात गुरुपादप्पांच्या तोंडी मिकुला हे नाव आलं. लातूरच्या कॉलेजाला एवढं पुरे होतं. टपरीवर लोक म्हणाले, आप्पांनी साठीत रंग दाखवला.

तर ही मिकुला म्हणजे समुद्रातल्या अतिसूक्ष्म शेवाळाचा चुनखडी अवशेष. डायनासोरांबरोबरच तिचा वंश बुडाला. असले अवशेष ओळखायचे, त्यांची जात लावायची, त्यावरून मातीचं वय सांगायचं, यात आप्पांची तीस वर्षं गेलेली. यंदा समुद्रतळाची जी माती आली ती डायनासोरांनंतर पन्नास लाख वर्षांनी साचलेली, आणि तिचा लेप दिलेल्या सातही काचांत मिकुला हजर. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली की काळोखात उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. मेलेली परत आली असं लिहिलं, तर आप्पांचं नाव मातीत.

"जुनी माती वाहून मिसळली असंल, आप्पा," त्यांची सहकारी पंचशीला म्हणाली. नांदेडची, जिभेला धार.

"मग झिजली असती. ही ताजी हाय, माय. काल गेल्यासारखी."

पंचशीला त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. लक्ष्मम्मांना समाधी देताना सोबत ठेवलेल्या विभूतीच्या गोळ्यांतला एक उरला होता. रोज त्याचेच तीन पट्टे ओढून आप्पा काचांवर वाकायचे.

"ती विभूती शेणाची का बाजारातली?"

"बाजारातली. त्या घाईत कुठं बघत बसणार?"

तिने दात कोरायच्या काडीने गोळा खरवडला, चिमूटभर भुकटी काचेवर पसरली. विभूतीत खडूची भेसळ होती; खडू डायनासोरांच्या काळचा, त्यात मिकुलांची जत्रा भरली होती.

आप्पांनी कपाळ धुतलं, टेबल पुसलं, नव्या काड्यांनी सात काचा केल्या. मिकुला एकीतही नव्हती. तरी ते दोन दिवस डोळा लावून बसले.

"आप्पा, मोजणी कवाच झाली. आता कुणाला हुडकून राहिलात?"

"असंल एखादी."

पंचशीलाला टोमणा सुचला होता. तिने गिळला. अहवालाच्या तक्त्यात मिकुलापुढचा एकच रकाना रिकामा होता. "लिहा आप्पा, आढळली नाही म्हणून."

"लिहितो. काचेवरची एवढी एक ओळ बघू दे."

ती ओळही त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत बघितली. मग लिहिलं.