मामाची घरगुती चाचणी

माझी मामी सुतार. दारं-खिडक्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तोंड सुटलं की तिच्यासमोर उभं राहायचीही कुणाची टाप नव्हती. मामा तिच्याच कारखान्यात पॉलिश करायचा आणि दिवसभर बोलणी खायचा. ती खाऊन खाऊनच त्याचं पोट सुटलंय, असं आम्ही भाचरं म्हणायचो.

एकदा लाकूड निवडायला जंगलाच्या कडेला गेली असताना मामीला गोचीड चावली आणि लाइम नावाचा आजार जडला. औषधांनी आजार गेला, थकवा मात्र ठाण मांडून बसला. जिना चढताना ती मध्येच भिंतीला टेकायची. लाकूड तासायचा रंधा उचलला की जेमतेम दोन हात मारून खाली ठेवायची. आणि भांडणं तर साफ बंद. नातेवाईक खूश, "बाई किती निवळली!" मेल्यांना कौतुक!

शेवटी इस्पितळातल्या एका अभ्यासात तिने नाव घातलं. रोज कपाळाला पट्टा बांधायचा, त्यातून विजेचा अगदी बारीक प्रवाह, जोडीला ठरलेले व्यायाम. काहींचा पट्टा खरा, काहींचा नुसताच देखावा. कुणाचा कुठला, हे अभ्यास संपेपर्यंत ना रुग्णाला कळणार, ना नर्सला. मामीने ठरवून टाकलं होतं, गुण आला नाही तर कापायची मशीन विकायची आणि कारखान्याला कुलूप लावायचं.

नर्सने मामाला विचारलं, "घरी कशा असतात?"

"फार शांत. आधी ऊठसूट माझी खरडपट्टी काढायची."

"काका, तो शांतपणा नव्हे. भांडायलाही अंगात ताकद लागते."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला.

त्या दिवसापासून त्याने स्वतःची चाचणी सुरू केली. ओला टॉवेल पलंगावर. चपला स्वयंपाकघरात. तिच्या धारदार पटाशीने त्याने पॉलिशचा डबा उचकटला, तेव्हा तर मीच डोळे मिटून घेतले. मामी म्हणाली, "असू दे हो." मामा मागच्या अंगणात जाऊन ढसाढसा रडला.

पुढे ती जिना न थांबता चढू लागली. एकदा टॉवेल बघून तिच्या भुवया चढल्या, तर मामाने मला आनंदाने फोन केला! पण रंधा हातात घ्यायचा तिला धीरच होईना. "एवढ्याने काय होतंय?" म्हणत तिनेच मशीनसाठी गिऱ्हाईक बोलावलं.

त्या दिवशी मीही कारखान्यात होते. गिऱ्हाईकाने मशीन पाहिली आणि जाता जाता कारखान्याच्या दाराकडे बघून म्हणालं, "हे दार जरा वाकडंच बसलंय, नाही?"

मामी खुर्चीतून ताडकन उठली. "वाकडं? माझं दार वाकडं?" तिने काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि चारही कोपऱ्यांना त्या माणसाला स्वतःच्या हाताने लावायला लावला. "डोळे आहेत की बटणं? मशीन विकायची नाही. निघा!" मग मोर्चा मामाकडे वळला. "आणि तुम्ही! मशीनवर हा एवढा भुसा? लाज नाही वाटत?"

गिऱ्हाईक कधी सटकलं, कळलंच नाही. बोलता बोलता तिने रंधा उचलला होता. लांबच लांब छिलके जमिनीवर पडत होते आणि ती थांबत नव्हती. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"काय बघताय खुळ्यासारखे? फळीचं ते टोक धरा!"

मामाने धरलं. हसू आणि रडू एकदमच आल्यामुळे त्याच्या हातातली फळी हलत होती. त्याबद्दलही तिने त्याला फैलावर घेतलं.